कोलन थेरपिस्टची नोकरी घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा. कर्नाटकातून बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाची पदवी, करून दीड वर्षापूर्वी कोपरखैरण्याला घरी परतलेली एक मुलगी विचारते की, वाशीच्या एका वेलनेस सेंटरने तिला कोलन हायड्रोथेरपिस्ट म्हणून, म्हणजे गुदमार्गातून पाणी सोडून मोठं आतडं धुण्याच्या कामासाठी, बोलावलं आहे. आठ दिवसांचं ट्रेनिंग तेच देणार. पगार बेताचाच, पण दहा सेशनचं पॅकेज गळी उतरवलं की त्यावर कमिशन. घ्यावी का ही नोकरी? या थेरपीत खरंच काही आहे का? आणि घरी काय सांगायचं? आई म्हणते, "साडेपाच वर्षं शिकलीस ती लोकांची पोटं धुवायला का?"

मी ठाण्यात, नौपाड्यात, गेली १७ वर्षं हेच काम करते. मूळची नर्स. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर ९ वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली, मग निसर्गोपचाराकडे वळले. शिक्षणाने तुम्ही माझ्या पुढे आहात, त्यामुळे आतड्याची रचना मी तुम्हाला सांगायची गरज नाही. जे पुस्तकात नसतं, त्या खोलीत रोज घडतं, तेवढं सांगते.

आधी नोकरीचं. काम चांगलं आहे. या अटींवर मात्र घेऊ नका. आठ दिवसांचं ट्रेनिंग कमी आहेच, पण खरा घोळ कमिशनचा आहे. नळी बसवणं, पाणी सोडणं, थांबवणं, काढून घेणं हे हाताला आठ-पंधरा दिवसांत येतं. सवडीने शिकायचं असतं ते समोर बसलेल्या माणसाला "तुम्हाला हे करायचं नाही" असं सांगणं. माझ्याकडे दहाजण आले तर तीन-चार जणांना मी पाण्याला हात न लावता परत पाठवते. ज्या दिवशी तुमच्या घरचं रेशन त्या "हो" वर चालेल, त्या दिवशी तुमचं तोंड "नाही" म्हणायला उघडणार नाही. तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे. समोरचा माणूस स्वतःहून पैसे घेऊन आलेला असतो, त्याला त्रास असतो, मॅनेजर दारातून बघत असतो, आणि फॉर्मवर एका ओळीत लिहिलेली हृदयाची गोळी नजरेतून निसटते.

हे मी ऐकीव सांगत नाही. सुरुवातीची दीड वर्षं मी दुसऱ्याच्या सेंटरमध्ये होते. तिथे पॅकेज चार दिवसांत तीन सेशन असं असायचं, कारण बाहेरगावच्या लोकांना लवकर परत जायचं असे. एक बाई आल्या, वय ५८, जुना बद्धकोष्ठ. फॉर्मवर ब्लडप्रेशरची गोळी लिहिली होती. ती लघवी जास्त होण्याची गोळी होती, हे मी विचारलं नाही. मला विचारायला कुणी शिकवलं नव्हतं, पण नर्स म्हणून मला कळायला हवं होतं. पहिलं सेशन छान झालं. दुसऱ्यानंतर म्हणाल्या, डोकं जड आहे. मॅनेजर म्हणाले, विषारी द्रव्यं बाहेर पडताना असं होतंच, तिसरं करून टाका. मी केलं. संध्याकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. सासूबाई उलट्या करताहेत आणि मुलाला नावाने हाक मारताना चुकताहेत. हॉस्पिटलात रक्त तपासलं तर सोडियम ११८. निरोगी माणसाचं १३५ ते १४५ असतं. गोळीने आधीच मीठ लघवीवाटे जात होतं, त्यात आम्ही चार दिवसांत तीन वेळा आतड्यात साधं पाणी खेळवलं, आणि मोठ्या आतड्याचं तर कामच पाणी शोषून घेणं. आयसीयूत चार दिवस काढून त्या बऱ्या झाल्या. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनीच माझा हात धरला. त्या महिन्याअखेर मी ते सेंटर सोडलं.

तेव्हापासून माझ्याकडे औषधांची पिशवी बघितल्याशिवाय कुणी आत जात नाही. फॉर्मवर विश्वास नाही, पिशवी टेबलावर ओतायची. लोक "बीपीची एक गोळी आहे" म्हणतात आणि पिशवीतून पाच पाकिटं निघतात. रक्त पातळ करणारी, लघवीची, साखरेची, लोहाची, आणि बहुतेक वेळा एक चूर्णाची डबी.

नाही कुणाला म्हणायचं? गरोदर बाई, हार्ट फेल्युअरचा रुग्ण, किडनी किंवा लिव्हर थकलेला माणूस, खूप रक्त कमी असलेला, पोटात रक्तवाहिनीचा फुगा असलेला. हर्निया. अलीकडे पोटाचं किंवा गुदमार्गाचं ऑपरेशन झालेला. अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स, डायव्हर्टिक्युलायटिस, हे आतड्याला सूज आणणारे आजार. ताजी फिशर म्हणजे गुदद्वाराची चीर, भगंदर, बाहेर येणारी मूळव्याध. ही नावं पाठ होतात. पाठ करून भागत नाही, कारण माणूस नाव घेऊन येत नाही. तो "कोठा जड आहे" म्हणून येतो.

वर्तकनगरहून एक काका आले होते, ६१ वर्षांचे, कंपनीतून निवृत्त. मुलीचं लग्न दीड महिन्यावर. त्याआधी पोट एकदा स्वच्छ करून घ्यायचं होतं. "मूळव्याध जुनी आहे, थोडं रक्त पडतं, त्याचं काही नाही." मी विचारलं, रक्त थेंबथेंब पडतं की शौचात मिसळून येतं? त्यांना सांगता येईना. विचारलं, पँट सैल झाली का? पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली होती, ती त्यांनी स्वतः दाखवली, जरा अभिमानानेच, की वजन उतरलं. विचारलं, जाऊन आल्यावरही जायचं राहिलंय असं वाटतं का? म्हणाले, दिवसातून सहा वेळा जातो आणि काही होत नाही. मी उठून त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, काका, आज नाही. आधी सर्जनना दाखवायचं. ते चिडले. ठाण्याच्या उन्हात रिक्षा करून आलोय म्हणाले. मी चिठ्ठी लिहून दिली आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, गेलात का? तिसऱ्या दिवशी परत केला. चौथ्या दिवशी ते गेले. गुदाशयात गाठ होती. लग्न आधी करून घेतलं, मग ऑपरेशन झालं. आज पोटाला शौचाची पिशवी आहे आणि सकाळी तलावपाळीला फेरी मारतात. मी त्या दिवशी स्पेक्युलम, म्हणजे गुदमार्गात बसवायची जाड नळी, घातलं असतं तर गाठीतून रक्तस्राव झाला असता, कदाचित आतडं फाटलं असतं. आणि समजा काहीच झालं नसतं, तर ते आणखी वाईट. त्यांना चार दिवस हलकं वाटलं असतं आणि डॉक्टरकडे जाणं सहा महिने पुढे गेलं असतं.

म्हणून पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय अचानक बदललेली, रक्त, न घटवता घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला, यांतलं एक जरी असलं तरी आधी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी. अशांना मी सेशनची फी परत देते.

आता खोलीत काय होतं ते. तुम्ही कॉलेजात एनिमा पॉट वापरला असेल. एक-दीड लिटर कोमट पाणी, गुदाशय आणि फार तर डाव्या बाजूचा खालचा भाग. कोलन हायड्रोथेरपीत मशीन असतं. पद्धती दोन. ओपन सिस्टिममध्ये माणूस बेसिनच्या बेडवर टेकून बसल्यासारखा पडतो, पेन्सिलएवढी बारीक नळी स्वतः बसवतो, पाणी वरच्या टाकीतून आपल्या वजनाने उतरतं आणि नळीच्या बाजूनेच सगळं बाहेर पडतं. लिब्बे आणि एंजल ऑफ वॉटर ही त्यातल्या यंत्रांची ओळखीची नावं. क्लोज्ड सिस्टिममध्ये स्पेक्युलम थेरपिस्ट बसवते. त्याला दोन नळ्या, एकीतून पाणी आत, दुसरीतून मळ बाहेर, मध्ये दिवा लावलेली काचेची नळी. मी दोन्ही वापरली. आज ओपन वापरते, कारण त्यात माणसाला आपलं शरीर आपल्या ताब्यात आहे असं वाटतं, विशेषतः बायकांना. पण क्लोज्डमध्ये तुम्ही शेजारी उभ्या असता आणि तुमचा हात त्याच्या पोटावर असतो. शिकायचं तर तिथेच शिकावं.

क्लोज्डमध्ये माणूस डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. भरपूर जेली. माणूस श्वास सोडतो तेव्हाच स्पेक्युलम पुढे सरकवायचं, रोख आधी बेंबीकडे, मग पाठीच्या मणक्याकडे. अडलं तर जोर लावायचा नाही, बाहेर काढायचं. मग पाठीवर वळवायचं. पाणी ३७ अंश. ३४ झालं तरी पोटात मुरडा उठतो, फार गरम झालं तर आतल्या अस्तराला इजा होते. थर्मोमीटर मशीनवर असतो, तरी मी पहिलं पाणी मनगटावर घेते. पाणी आत, माणूस म्हणतो "भरलं", लगेच बंद करून सोडायचं. पुन्हा भरायचं. पाऊण तासात असं पंधरा-वीस वेळा. पोटाला मालिश करताना बोटांखाली कळतं. डावीकडे खाली खडा असेल तर दोरीच्या गाठीसारखा लागतो. त्यावर दाबायचं नाही, त्याच्या वरच्या अंगाला तळवा ठेवून गोल फिरवायचं आणि पाण्याला काम करू द्यायचं. कधी दहा मिनिटं काहीच होत नाही. मग गार्गल केल्यासारखा आवाज येतो, नळीतून हवेचे बुडबुडे जातात, आणि माणसाच्या कपाळावरची आठी आपोआप उलगडते. ती आठी उलगडताना बघणं हे या कामातलं मला सगळ्यात आवडणारं.

चेहऱ्यावरून नजर हलवायची नाही. एकदा एका तरुण मुलाने तीनदा जांभई दिली. ओठांभोवती पांढरं पडलं, वरच्या ओठावर घाम. नाडी ७८ वरून ५२. आतडं ताणलं गेलं की कधी कधी असं होतं, नस चिडते आणि रक्तदाब घसरतो. पाणी बंद, आतलं सोडून दिलं, पाय उंच केले, नाव घेऊन बोलत राहिले. तीन मिनिटांत रंग परत आला. मी तेव्हा नळीकडे बघत बसले असते तर तो बेशुद्ध पडला असता. काचेच्या नळीत काय जातंय ते बघण्याचा मोह थेरपिस्टला आणि क्लायंटला दोघांनाही असतो. तो दिवा मी पुष्कळदा बंदच ठेवायचे.

त्या नळीवरून सांगते, कारण तुम्हाला ट्रेनिंगमध्ये नेमकं उलट शिकवतील. लोक विचारतात, "मॅडम, हे किती वर्षांचं साठलंय?" वर्षांचं काही साठत नाही. आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होतं, कोलोनोस्कोपीत ते ओलं, गुलाबी, चकचकीत दिसतं. सात-आठ किलो जुना मळ भिंतीला चिकटलेला असतो, हे खोटं आहे. नळीतून जातं ते परवाच्या जेवणातलं टोमॅटोचं साल, मक्याचा दाणा, मेथीचं पान, पांढरट चिकटा. रबरासारख्या लांब दोऱ्या काही सेंटरवाले फोटो काढून दाखवतात. त्या आधी पाजलेल्या इसबगोल आणि बेंटोनाइट मातीच्या पावडरीनेच तयार होतात. पिवळं पाणी आलं की "लिव्हर मोकळं झालं" म्हणतात, तेही नाही. यातलं एकही वाक्य तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका, पोटापाण्याचा प्रश्न असला तरी.

आतड्यातल्या विषाने अंगभर रोग होतात ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी जोरात होती. अमेरिकेत बॅटल क्रीकच्या सॅनिटोरियममध्ये जॉन हार्वे केलॉग एनिम्यावर एनिमे देत. लंडनमध्ये सर विल्यम आर्बथनॉट लेन हे सर्जन बद्धकोष्ठासाठी मोठं आतडंच कापून काढत. १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ या डॉक्टरांनी साधा मुद्दा मांडला. कोठा जड असताना डोकं दुखतं, सुस्ती येते आणि शौचाला झाल्याबरोबर क्षणात बरं वाटतं. रक्तात विष भिनलं असतं तर ते क्षणात कसं उतरेल? तो ताण असतो, भरलेल्या गुदाशयाने नसांवर आणलेला. मी रोज जे बघते त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं. कपाळावरची आठी मिनिटात उलगडते ती म्हणूनच.

मग थेरपीत आहे काय? ज्याचा खडा अडकून बसलाय, पोट फुगलंय, रेचकं घेऊन थकलाय, त्याला मोकळं करता येतं, आणि त्या मोकळेपणाचं मोल मी कमी लेखत नाही. चार-चार दिवस न झालेल्या माणसाला काय वाटतं ते त्यालाच ठाऊक. मणक्याला मार लागून आतड्याचा ताबा गेलेल्यांसाठी गुदमार्गातून पाणी देण्याची पद्धत डॉक्टर स्वतः शिकवतात, तिथे तिचा खरा उपयोग आहे. तपासणीआधी आतडं स्वच्छ करायलाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियंत्रण संस्थेने या यंत्रांच्या वर्गवारीत हीच रेघ ओढली आहे. तपासणीपूर्वीच्या किंवा वैद्यकीय गरजेच्या सफाईसाठी एक वर्ग, आणि "एकूण तब्येतीसाठी" म्हणून वापरायचं तर वेगळा, कडक परवानगीचा वर्ग. वजन उतरणं, त्वचा उजळणं, साखर कमी होणं, यांना पुरावा नाही. सेशननंतर काटा किलोभर कमी दाखवतो, तो मळाचा आणि पाण्याचा. दोन दिवसांत परत येतो. लग्नसराईत नवऱ्या मुली याचसाठी येतात. मी त्यांना स्पष्ट सांगते आणि पोळी-भाजीचं नीट वेळापत्रक लिहून देऊन पाठवते.

आपल्याकडे एनिमाला निसर्गोपचाराची जुनी बैठक आहे. गांधीजींनी १९४६ साली उरुळीकांचनला आश्रम काढला, पुण्याच्या बापू भवनात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था १९८६ पासून आहे. तिथल्या पद्धतीत एनिमा एकटा नसतो. उपास, फळं, मातीपट्टी, चालणं, त्यातला तो एक तुकडा. आयुर्वेदातली बस्ती आणखी निराळी, काढ्याची आणि तेलाची, ती वैद्याने द्यायची. "मशीनची बस्ती" असं बोर्डवर लिहिणाऱ्यांकडे काम करू नका. पावसाळ्यात बस्तीचा मोसम म्हणून लोक चौकशी करत येतात तेव्हा मी सरळ ओळखीच्या वैद्यांकडे पाठवते.

स्वच्छतेबद्दल मी कडक आहे. १९७८ ते १९८० या काळात कोलोरॅडोतल्या एका क्लिनिकमध्ये याच उपचारातून किमान ३६ जणांना अमीबाची लागण झाली. दहा जणांचं मोठं आतडं काढावं लागलं, त्यांतले काही दगावले. मशीनमध्येच मळ राहिला होता. त्यामुळे मुलाखतीला जाल तेव्हा आधी खोली दाखवा म्हणा. स्पेक्युलम आणि नळ्या एकदा वापरून टाकायच्या का? पाकीट क्लायंटसमोर फाडतात का? मशीनला पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह आहे का? दोन सेशनच्या मध्ये किती वेळ ठेवतात? माझ्याकडे अर्धा तास, म्हणून दिवसाला पाचपेक्षा जास्त सेशन होतच नाहीत. कुणी दिवसाला बारा करतो म्हणाला तर तो बेड पुसतो, धूत नाही. वापरलेल्या नळ्या आणि ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, मळाने भरलेला कापूस-गॉझ पिवळ्या पिशवीत, हे २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांत आहे. काळ्या पिशवीत घंटागाडीला देत असतील तर तिथूनच परत फिरा.

आणि पाणी. नवी मुंबईत मोरबे धरणाचं येतं, ठाण्यात बरंचसं भातसा नदीचं, पिसे बंधाऱ्यावरून. महापालिकेच्या नळाला ते ठीक असतं. बिघडतं सोसायटीच्या टाकीत. आमच्या इमारतीची टाकी वर्षातून दोनदा धुतली जाते, आणि ती धुतल्याची तारीख मी स्वतः वहीत लिहिते. सेडिमेंट फिल्टर, कार्बन, यूव्ही, त्यानंतर मशीन. शटडाऊनच्या दिवशी टँकर मागवतात, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी अपॉइंटमेंट घेतच नाही. लोक रागावतात. रागावू द्यात.

सेशननंतर माणूस कमोडवर दहा-पंधरा मिनिटं बसतो, मग मी मीठ घातलेली तांदळाची पेज देते. ताकही चालतं. त्या बाईंच्या सोडियमनंतर हे सुरू झालं, आजवर एकदाही चुकवलं नाही. दोन सेशनमध्ये किमान आठवडा, आणि तीनपेक्षा जास्त मी कुणाला देत नाही. तीनात फरक पडला नाही तर दोष पाण्याचा नाही, कारण दुसरीकडे आहे.

ते कारण शोधणं हे माझ्या मते अर्धं काम आहे आणि तिथे तुमचं शिक्षण खरं उपयोगी पडेल. ऐरोलीच्या आयटी पार्कमधला मुलगा येतो. सकाळी चहा पोटात गेला की आतडं हलतं, कळ येते, पण घड्याळात ७:४२ च्या लोकलला आठ मिनिटं उरलेली असतात. तो कळ दाबतो. ऑफिसमध्ये जायला लाजतो. असं दोन वर्षं केलं की गुदाशय हाक मारणंच सोडून देतं. त्याला पाणी नको, वीस मिनिटं लवकर उठायला हवं, आणि पायाखाली एक ठेंगणा पाट, म्हणजे कमोडवरही उकिडवं बसल्यासारखा कोन येतो. वाशीच्या मार्केट यार्डात निवडटिपण करणाऱ्या बायका येतात. स्वच्छ संडास जवळ नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांना मी काय पॅकेज विकू? घोडबंदरच्या टॉवरमधल्या आजी येतात, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून खडा होतोय, आणि हे त्यांच्या डॉक्टरना त्यांनी सांगितलेलंच नसतं. थायरॉइड न तपासलेल्या बायका तर किती. आणि रोज रात्री चमचाभर चूर्ण घेणारे. डबीवर सोनामुखी लिहिलेली असते. वर्षानुवर्षं घेतली की आतड्याचं अस्तर काळपट पडतं आणि त्याशिवाय शौचाला होत नाही अशी सवय लागते. त्यांना एकदम बंद करा म्हटलं तर घाबरतात. चमचा, मग अर्धा, मग एकाआड एक दिवस, सोबत इसबगोल मोठ्या पेल्याभर पाण्यातून, असं दोन महिने चालतं. काही जणांचा स्नायूच उलटा चालतो, कुंथताना सैल पडायच्या जागी आवळला जातो. त्यांच्यासाठी बायोफीडबॅक असतं, यंत्राच्या मदतीने तो स्नायू सैल सोडायला शिकवतात, मोठ्या हॉस्पिटलात पाठवा.

पैशांचं स्पष्ट सांगते. माझ्याकडे दोघीजणी आहेत, दोघींना ठरलेला पगार. सेशन झालं काय, न झालं काय. विचारपूस करून परत पाठवलं तरी विचारपुशीची ३०० रुपये फी घेते, त्यातून त्यांचा वेळ निघतो. गडगंज मिळत नाही. तुम्ही त्या सेंटरला हेच मागून बघा. कमिशन नको, पगार चार हजार कमी चालेल, पण नकार देण्याचा अधिकार माझा आणि त्यावर कुणी प्रश्न विचारायचा नाही, हे नेमणूकपत्रात लिहून द्या. सोबत एखाद्या सर्जनशी किंवा गॅस्ट्रोच्या डॉक्टरांशी सेंटरचा संबंध आहे का, ते विचारा. लिहून दिलं तर जा, आणि पहिले तीन महिने कुणातरी जुन्या बाईच्या हाताखालीच काढा. नाही म्हणाले तर तुमचं काही अडणार नाही. बीएनवायएसला निसर्गोपचार केंद्रांत, योगाच्या कामात जागा निघतात, आणि एनिमा तिथेही शिकता येतो. पाटीवर आणि बोलण्यात आपण जे आहोत तेवढंच लिहा-सांगा. मी नर्स आहे, लोक मॅडम डॉक्टर म्हणतात तेव्हा प्रत्येक वेळी दुरुस्त करते.

राहिली आई. माझ्या सासूबाईंनी पहिलं वर्षभर शेजारी सांगितलं की सून हॉस्पिटलात आहे, एवढंच. मी वाद घातला नाही. एकदा त्याच आठ दिवस अडकल्या, खडा सरकेना, रात्री दोन वाजता रडू लागल्या. मी घरच्या घरी पॉट घेतला, कुशीवर वळवलं, कोमट पाणी दिलं, पाठीवर हात ठेवून बसले. पहाटे त्यांनी माझ्याकडून चहा मागितला आणि म्हणाल्या, "तू रोज हे करतेस?" नंतर शेजारी काय सांगायच्या ते मला माहीत नाही, पण त्यांच्या मैत्रिणी माझ्याकडे येऊ लागल्या. तुमच्या आईंना शब्दांनी पटणार नाही. वॉर्डात मळ काढणाऱ्या मावशींना आणि नर्सला ज्याने जवळून बघितलंय त्याला सांगावं लागत नाही. वासाचं म्हणाल तर बंद नळीत तो जवळजवळ येतच नाही, ओपनमध्ये एक्झॉस्ट चालू असतो, आणि महिन्याभरात नाक त्याची दखल घेणं सोडतं.

निर्णय घेण्याआधी दोन दिवस माझ्याकडे येऊन बसा. मंगळवार आणि गुरुवार सकाळी नऊला पहिलं सेशन असतं. ठाणे-वाशी गाडी कोपरखैरण्याहून थेट आहे. क्लायंटची परवानगी मी आधी विचारून ठेवेन. पहिल्या दिवशी मशीनच्या खोलीत नको, बाहेर माझ्या टेबलाशी बसा आणि लोक औषधांची पिशवी ओततात ते बघा. वही घेऊन या, नखं कापून या.